प्रमिलावहिनीचा मे महिन्यातला स्वेटर

माझी मोठी वहिनी प्रमिलाबाई. वय बावन्न, अंगाने भरलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि हाताला अशी सफाई की तिने घडी घातलेली साडी उलगडणं दुकानदाराच्या जिवावर यावं. मनाने चांगली. कोणाकडे बाळंतपण असो, मयत असो, पहिली जाऊन उभी राहणार. एकच खोड आहे बाईला. जळते.

सगळ्या जगावर नाही हो. समोरच्या बाईने फ्रिज घेतला तर वहिनी पेढा खाऊन येईल आणि वर म्हणेल, रंग छान आहे. तिचं सगळं जळणं एकाच माणसासाठी राखून ठेवलेलं आहे. धाकटी जाऊ, रंजना.

मी दोघींची नणंद. राघोदादा मोठा, वाल्मिक धाकटा, मधली मी. तिघं शिरपूरकडून सुरतेला आलो त्याला आता पंचवीस वर्षं होतील. पोरं मला आत्या म्हणतात म्हणून वहिन्याही आत्याबाई म्हणतात, आणि कारखान्यात तर माझ्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा मला आत्या म्हणून हाका मारतात. मी ऐकून घेते. मान मिळतोय तर कशाला नाही म्हणा.

बमरोलीला दोघा भावांची घरं एकाच भिंतीला लागून आहेत, माझं समोर. भिंत अशी पातळ की पलीकडे कुकर लागला की अलीकडे वहिनी शिट्ट्या मोजते.

"चार व्हयन्यात. डाळले चार कशाले? मटण असीन." मग मला म्हणते, "आत्याबाई, जा ना, मीठ मांगी लई ये."

मी जाते, मीठ आणि बातमी दोन्ही घेऊन येते. खरं सांगायचं तर बऱ्याचदा आत हरभरेच असतात. पण मी सांगते मटण. मग वहिनीचा चेहरा जो होतो ना, त्यासाठी मी शंभर वेळा मीठ मागायला जाईन.

स्वेटरची गोष्ट पण अशीच. सुरतेत थंडी ती किती? पंधरा दिवस, तीही पहाटेची. पण रंजनाने एका हिवाळ्यात तिबेटी लोकांच्या बाजारातून मरून रंगाचा स्वेटर आणला. दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच बाजारात. मोरपंखी घेतला, जाडजूड, पुढे नऊ बटणं. "तिनाले सहाच शेत," मला कानात सांगितलं. तो स्वेटर चार वर्षं डांबराच्या गोळ्यांत पडून होता. त्याला बाहेर यायचं नशीब मिळालं ते मे महिन्यात, भर दुपारी, इच्छापोरच्या कारखान्यात. तीच गोष्ट सांगतेय.

आम्ही तिघी साडीच्या कारखान्यात कामाला. तयार साडी तपासायची, घडी घालायची, बॉक्समध्ये भरायची. आधी पांडेसऱ्याला जुन्या शेडमध्ये होतो. मग शेठने इच्छापोरला नवी इमारत बांधली. पांढरी स्वच्छ, छतावर सोलर, पाणी धुऊन परत वापरायची टाकी. बमरोलीहून कंपनीची बस न्यायची-आणायची. शेठचं म्हणणं असं की परदेशी गिऱ्हाइकाला माल द्यायचा तर इमारतीला हिरवं सर्टिफिकेट लागतं. आम्हाला वाटलं, रंग हिरवा देतील. दिला नाही. 

डिसेंबरात नव्या हॉलमध्ये गेलो. वीस टेबलं, एकेका टेबलावर दोन बायका. आमचा सुपरवायझर भाईदास. आहे आपला दोंडाईचाचा, पण सुरतेत राहून राहून अर्धा गुजराती झालेला. तो म्हणाला, "जुन्या बेन पहिल्या टेबल निवडतील."

सगळ्यात जुनी प्रमिलावहिनी. ती हॉलभर फिरली. सासू सुनेला बघायला जाते तशी एकेका टेबलावर हात फिरवत फिरली. आणि तेवढ्यात रंजनाने काय करावं? कडेच्या भिंतीजवळच्या टेबलावर डबा ठेवला आणि मैत्रिणीला म्हणाली, "इथे छान ऊब आहे गं."

झालं. वहिनी गर्रकन वळली. "हाई टेबल मनं."

रंजनाने डबा उचलला आणि हॉलच्या त्या टोकाला गेली. तिथे वर छताला एक अवाढव्य पंखा होता, हेलिकॉप्टरच्या पात्यांचा असावा तसा. डिसेंबर होता, पंखा बंद होता, त्याच्याकडे कोण बघतंय? वहिनी तिच्या उबदार भिंतीला टेकून अशी बसली जसं काही तिने रंजनाची शेतजमीन नावावर करून घेतली. जोडीला मला ओढलं. मी बसले. बसणार नाही तर काय, संध्याकाळी भाकरी तिच्याच चुलीवरची खायची असते.

ती ऊब कसली होती, ते मार्चमध्ये कळलं. भिंतीपलीकडे स्टेंटर होतं. म्हणजे कापड भाकरीसारखं शेकून काढणारं लांबलचक मशीन. डिसेंबरात भिंत पाठ शेकायची, मार्चमध्ये भाजायला लागली, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली तेव्हा हात लावायची सोय उरली नाही. त्यात सुरतेची हवा. आपल्या धुळ्याकडचं ऊन कडक खरं, पण घाम वाळतो तरी. इथे घाम वाळतच नाही, अंगावर बसून राहतो पाहुण्यासारखा.

आणि त्या टोकाला काय? भाईदासने बटण दाबलं आणि हेलिकॉप्टर फिरायला लागलं. रंजनाच्या कपाळावरचे केस भुरुभुरु उडायला लागले.

वहिनी बघत राहिली. हातातली साडी तशीच.

"उडतेत देख तिना केस," म्हणाली.

"मग? पंखा आहे, उडणारच."

"मुद्दाम मोकळा सोडस."

भिंतीकडच्या आम्ही वीस जणी. दुपारी दोन ते चार डोकं असं ठणकायचं की रंग कळेनासे व्हायचे. गुलाबी काय नि राणी काय, सारखंच. पण तक्रार करायची तर वहिनीने करायची, ती सगळ्यांत मोठी. आणि वहिनी काय म्हणायची? "माले काई नई व्हत." गळ्याभोवती पदराखाली ओला रुमाल लपवलेला. पाठीवर घामोळ्या अशा की रात्री मी पावडर लावायची तेव्हा चाळणीवर हात फिरवल्यासारखं वाटायचं. तरी नाही. कारण भाईदासकडे जाऊन टेबल बदलून मागितलं असतं तर हॉलच्या त्या टोकाला एक जण हसली असती. हसली नसती कदाचित. पण वहिनीच्या डोक्यात ती रोज हसायची.

मे लागला आणि पल्लवीबेन आली. सर्टिफिकेटवाल्यांची इंजिनियर. पोरगीच ती, सत्तावीस-अठ्ठावीसची, नाशिकची, पायात बूट, खांद्याला पिशव्या. पिशवीतून तिने तिपाई काढली, त्यावर एक काळा गोळा बसवला, बाजूला छोटी चक्री. आम्ही सगळ्या मान वाकडी करून बघत होतो. एकीने तर त्या गोळ्याला लांबून नमस्कारच केला.

"हा गोळा भिंतीची धग मोजतो," पल्लवीबेन म्हणाली. "चक्री वारा मोजते. पण नुसतं यंत्र पुरत नाही. अंगावर कपडे किती, काम किती जोराचं, ते पण धरावं लागतं. आणि तुम्हाला स्वतःला कसं वाटतं, ते विचारावंच लागतं. शंभरातल्या ऐंशी जणींना बरं वाटलं तर इमारत पास."

मी तर बघतच राहिले. एवढी वर्षं घड्या घालतेय, घडी नीट आली का हे हजार वेळा विचारलं. तुम्हाला बरं वाटतं का, हे कागदावर छापून पहिल्यांदाच.

कागदावर सात चौकोन होते. एका कडेला गडद निळा म्हणजे फार थंडी, मग फिके होत मध्ये पांढरा, मग गुलाबी, लाल, आणि दुसऱ्या कडेला गडद लाल म्हणजे फार उकडतं. आपल्याला वाटतं त्या चौकोनात खूण करायची. पांढरा आणि त्याच्या दोन्ही शेजारचे फिके, एवढ्यात खूण पडली तर बाई खूष धरायची. खाली अंगावर काय घातलंय ते लिहायचं.

पल्लवीबेनचं म्हणणं होतं, एकेकीला बाजूला घेऊन विचारू. पण भाईदासला घाई. "अरे मॅडम, चाळीस जणींना बाजूला घेणार तर माल कोण भरणार?" त्याने एक टेबल हॉलच्या मधोमध ओढलं, वर कागदांचा गठ्ठा, एक पेन दोरीला बांधलेलं, आणि दोन्ही बाजूंना रांगा. भिंतीच्या आम्ही इकडून, पंख्याच्या त्या तिकडून. सगळ्यांच्या खुणा सगळ्यांसमोर.

आता तुम्हीच सांगा. दोन जावा समोरासमोर, मध्ये एक कागद, आणि कागदावर प्रश्न: तू सुखात आहेस का? खरं उत्तर मिळेल?

वहिनी रांगेत पहिली. समोर रंजना उभी, हाताची घडी घालून, बघतेय. वहिनी म्हणाली, "थांब जराशी, मी उनूच." टेबलाकडे गेली, खालची पिशवी काढली, आणि पिशवीतून, देवाशपथ सांगते, तो मोरपंखी स्वेटर काढला. घरून घेऊन आली होती! आदल्या दिवशी बसमध्ये कोणीतरी म्हणालं होतं की कपड्याचं पण विचारणार आहेत. बाईने रात्रीच ठरवलेलं. घातला. खालपासून वरपर्यंत नऊच्या नऊ बटणं लावली. आणि अडतीस डिग्रीच्या सुरतेत शिमल्याला निघाल्यासारखी टेबलाशी येऊन उभी राहिली.

भाईदासच्या तोंडातला मावा तोंडातच.

"मावशी," पल्लवीबेन हळूच म्हणाली, "तुम्हाला थंडी वाजते?"

"वाजस थोडी. मना टेबलवर गारवा शे."

"पण तुमच्या हनुवटीवरून हे पाणी..."

"तेल शे ते. डोकाले जास्त लागी गय."

आणि तिने फिक्या निळ्यात खूण केली. थोडं थंड. पेन माझ्याकडे दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पण फिका निळा. हो, केला मी. मागच्या अठरा जणींनी काय करावं मग? मोठीने थंड म्हटलं, आत्याने थंड म्हटलं, आम्ही कोण गरम म्हणणार? वीसच्या वीस फिक्या निळ्या. बर्फाच्या कारखान्यात पण एवढं एकमत होणार नाही.

आता पंख्याची रांग. रंजनाने पेन घेतलं. एकदा वहिनीच्या बटणांकडे बघितलं, एकदा कागदाकडे. आणि गडद लालमध्ये खूण केली. फार उकडतं! पंख्याखाली बसलेली बाई! तिच्या शेजारच्या तिघींनी तिच्यामागोमाग गडद लाल. उरलेल्या सोळा जणींनी आपला पांढरा.

मला कळेना, ही का खोटं बोलतेय. आपल्या चांगल्याला दृष्ट लागू नये म्हणून बायका चांगल्या पोराला काळं म्हणतात, तसं असेल म्हटलं.

पल्लवीबेनने गोळा आधी आमच्या भिंतीजवळ ठेवला, मग पंख्याखाली. आकडे लिहिले, कागद बघितले, परत आकडे बघितले. "हे उलटं कसं? भिंतीजवळ भट्टी आहे नि सगळ्या म्हणतात थंड. पंख्याखाली सगळ्यात बरं आहे नि तिथेच चार जणी म्हणतात उकडतं."

"मॅडम, चाळीसात छत्तीस खूष," भाईदास म्हणाला. "पास ना? शेठने अजून एक पंखा मंजूर केलाय. चार लाल आहेत तिथे लावून टाकतो, म्हणजे त्या पण खूष. चाळीसात चाळीस."

"यंत्र एक बोलतंय आणि माणसं दुसरं. असा कागद मी पुढे पाठवणार नाही. दहा दिवसांनी येते आणि परत विचारते."

"विचारा ना. पंखा तर आठ दिवसांत येतोय. एकदा छताला लागला की लागला. तो काय परत काढायचाय?"

बसमध्ये मी वहिनीच्या शेजारी. स्वेटर अजून अंगात, कारण रंजना मागच्याच सीटवर होती. मी कुजबुजले, "वहिनी, पंखा एकच आहे. तो तिकडे गेला की आपण वीस जणी जन्मभर भिंतीला शेकत बसणार. उद्या जा आणि सांग भाईदासला, की उकडतं."

"नई सांगाव."

"अगं पण का?"

तिने मागे डोळे फिरवून खात्री केली, रंजना झोपलीय. मग अगदी हळू म्हणाली, "हाई टेबल मी तिना हातमाईन लिधं ना आत्याबाई. आते मीच रडू तर ती काय म्हणीन? म्हणीन, घे. लिधं ना? आते बस."

हे तिने पहिल्यांदाच कबूल केलं होतं. मला तिची दया आली आणि हसूही आलं, दोन्ही एकदम आलं की माणूस खोकतो, तशी मी खोकले.

पुढचे आठ दिवस म्हणजे तमाशा. एकदा थंडी वाजते म्हटल्यावर थंडी वाजायलाच पाहिजे ना? सकाळी हॉलमध्ये शिरताना स्वेटर. रंजना पाणी प्यायला आमच्या बाजूने गेली की स्वेटर. ती वळली की बटणं उघडायची, ती परत आली की लावायची. नऊ बटणं! सहा असती तर निदान वेळ तरी वाचला असता. मी म्हटलं पण, "वहिनी, तेव्हा तीनाने जास्त घेतलीस, आता भोग." एक धपाटा बसला पाठीत. तिसऱ्या दिवशी तिची घडी तिरकी आली. प्रमिलावहिनीची घडी, तिरकी! मी ती पटकन माझ्या गठ्ठ्यात सारली आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. ओठ कोरडे, डोळे लाल, पाणी प्यायली की मळमळतंय म्हणायची. राघोदादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू समजाव, माझं कुठे ऐकते." तीस वर्षांच्या संसारात त्याने एवढं एक बरोबर ओळखलंय.

आठव्या दिवशी पंखा आला. लाकडी खोक्यात, चार माणसांनी उचलून. दुपारचे अडीच. खोकं आमच्या टेबलावरून पुढे, हॉलच्या त्या टोकाला गेलं. उंच शिडी लागली. रंजनाच्या डोक्यावर, पहिल्या पंख्याच्या बाजूला. अजून पुढे घ्या म्हणून भाईदास खालून गुजरातीत ओरडतोय, "वधारे आगळ, हजी आगळ, बस!"

वहिनी घडी घालत होती. हात थांबले. स्वेटर अंगात होताच. मी बघतेय, तिची नजर त्या शिडीवर एकेक पायरी चढतेय. पहिल्या पंख्याकडे गेली. दुसऱ्या खोक्याकडे आली. परत पहिल्याकडे. ओठ हलत होते. मला आधी वाटलं, देवाचं नाव घेतेय. कान जवळ नेला तर म्हणतेय, "दोन. दोन."

आणि उठली.

"भाईदास!" अख्खा हॉल हादरला. "मी आठे भाकरसारखी शेकाई ऱ्हायनी, अन् त्या धाकलीले दोन-दोन पंखा?"

भाईदास शिडी धरून वळला. "पण प्रमिलाबेन, तुम्हाला तर थंडी..."

"कसानी थंडी! कोन म्हने थंडी!" ती बटणं ओढायला लागली. पहिली दोन उघडली, बाकीची उघडेनात, मग तिने डोक्यातूनच स्वेटर ओढला, केस सुटले, कुंकू फरफटलं. "हात लाय या भिंतले! लाय! वीस बाया तवावर बसाडेल शेत तू! तिले एक पंखा पुरत नई, अन् आमले..."

पुढचं वाक्य आलंच नाही. ती टेबलाला धरायला गेली, टेबल सापडलं नाही, आणि माझ्या अंगावर आली. मी किती ती! दोघी खाली.

आणि पहिली धावत कोण आलं? चाळीस बायकांमधून, तेही हॉलच्या त्या टोकावरून? रंजना. तिने वहिनीची मान उचलली, चोळीचे हूक सैल केले, बाटली डोक्यावर ओतली. मग मला म्हणाली, "आत्याबाई, पाय धरा." तिघी-चौघींनी उचलून तिला नेलं आणि रंजनाच्या टेबलाशी, हेलिकॉप्टरच्या बरोब्बर खाली, साडीच्या खोक्यांवर निजवलं. कोणीतरी मीठ-साखरेचं पाणी आणलं. रंजना चमच्याने पाजत होती आणि रडत होती. "जाऊबाई, अहो जाऊबाई, डोळे उघडा."

दहा-पंधरा मिनिटांनी वहिनीने डोळे उघडले. आधी पंखा दिसला तिला. बराच वेळ बघत राहिली, गार वारा खात, तृप्त चेहऱ्याने. म्हटलं, आता दोन वर्षं तरी ही उठत नाही इथून.

मग तिने मान वळवली, रंजनाच्या टेबलाकडे. आणि कपाळाला आठी पडली.

टेबलावर अर्धवट घडी घातलेली साडी होती. जॉर्जेटची, पिसासारखी हलकी. तिच्या एका कोपऱ्यावर वीट. दुसऱ्यावर वीट. मध्ये धाग्याची चार भरलेली रिळं. आणि एवढं ठेवूनही साडीचं टोक फडफड फडफड, पतंगाच्या शेपटीसारखं.

"हाई काय शे?"

"उडतात ना साड्या," रंजना नाक पुसत म्हणाली. "एक घडी घालायची, दुसरी घालेस्तोवर पहिली उलगडते. कोपराने दाबून धरायचं नि एका हाताने घालायची. हा खांदा बघा, वर होत नाही. कानात कापूस घालून बसते मी."

खरंच, दोन्ही कानांत कापूस होता. लांबून केस दिसायचे उडताना, कापूस कोणाला दिसतोय?

"मग तू लाल का बरं करं?" वहिनीने विचारलं. "थंड म्हनती तर पंखा कमी करतात ना."

"थंड म्हटलं असतं तर घरी वर्षभर तुम्हीच ऐकवलं असतं. महाराणी पंख्याखाली गारव्यात बसते म्हणून." रंजनाचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "आणि तुमचं टेबल बघून मला राग यायचा. तिथे साडी कशी गपगार पडून राहते. तुमच्या घड्या कशा सुरीने कापल्यासारख्या. मला पाहिजे होतं ते टेबल. मी रोज बघायचे इथून."

"बघायचीस?"

"जळायचे," रंजना म्हणाली.

वहिनी कोपरावर उठून बसली. एवढी तरतरी त्या मीठ-साखरेच्या पाण्याने आली नव्हती. "काय म्हने? जळायचीस? मनावर?"

"हो."

"परत सांग बरं."

"जळायचे म्हटलं ना जाऊबाई!"

"आत्याबाई, ऐकं का तू?" वहिनी माझ्याकडे वळली. डोळ्यांत असा उजेड, जणू पोरीचं लगीन ठरलंय. "तुले बी तरास व्हता व्हय? अरे देवा. बराच व्हता का?" आणि रंजनाचा दुखरा खांदा चोळायला लागली. चांगला जोर लावून चोळत होती. मायेने चोळत होती की आनंदाने, देवाला ठाऊक. मी तर म्हणते, दोन्ही असेल. वीस वर्षांच्या जावा, त्यांच्यात वेगळं करून कोण दाखवणार?

शिडीवरचा माणूस वरून ओरडला, "साहेब, भोक पाडू का नको?"

दोन्ही जावा एकदम ओरडल्या, "नको!" 

दोन दिवसांनी पल्लवीबेन आली. भाईदासने तिला सगळं सांगितलं, म्हणजे आपल्याला वाचवून जेवढं सांगता येतं तेवढं. ती ओरडली नाही. भिंतीपाशी गेली, तळहात टेकवला आणि चटकन काढला. मग तिने शेठच्या माणसांना बोलावून सांगितलं की भिंतीला आतून धग अडवणारा थर लावा, दुसरा पंखा या बाजूला, आणि वारा टेबलावर आदळणार नाही, बाजूने जाईल असा. रंजनाकडच्या जुन्या पंख्याचा वेग निम्म्यावर. शेठला ते रुचलं नसेल, पण परदेशी गिऱ्हाईक दारात उभं होतं, काय करतो? जून लागायच्या आत काम झालं. आता आमच्या टेबलावर उकडतं, पण माणसाला उकडावं तेवढंच.

मग फेरविचारणा. या वेळी पाण्याच्या खोलीत, दार लोटून, एकेकीला. खूण करायची आणि कागद दुमडून डब्यात टाकायचा. वहिनीबरोबर मी गेले. तिची चष्म्याची काडी तुटली होती, वाचायला कोणीतरी हवं म्हणून. बाकी काही नाही.

पल्लवीबेनने कागद पुढे केला. "मावशी, या वेळी कोणी बघत नाहीये. जे वाटतं तेच."

वहिनीने पेन हातात घेतलं. पांढऱ्यावर आणलं. थांबली. पुन्हा गुलाबीवर नेलं. परत पांढऱ्यावर. मग मान वर करून अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रंजना जाई उनी का?"

"हो, मघाशीच."

"काय भरं तिनी?"

"ते नाही सांगता येत, मावशी. गुप्त असतं."

वहिनीने समजूतदारपणे मान हलवली. पेन पोरीच्या हातात परत दिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"बरं. नको सांगू. मग तिनं जे व्हई ना बेटा, त्यापेक्षा मनं एक घर बरं टाकी दे."